सगळं क्लोरीनच्या नावावर

तलावाच्या दारात, चपला ठेवायच्या फळीच्या वर, एक निळा फलक होता. त्यावर पाच नियम रंगवलेले होते आणि तिसरा नियम असा : त्वचारोग असणाऱ्यांनी तलावात उतरू नये. पोहणे शिकवणारी बाई गेली चौदा वर्षे रोज सकाळी सव्वासहाला त्या फलकाखालून आत जात होती. त्यांतली बारा वर्षे तिच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, पाठीवर आणि कानांमागे केसांच्या कडेला लाल, जाड, चंदेरी पापुद्र्यांचे चट्टे होते.

हे कोणालाच माहीत नव्हते असे म्हणणे धाडसाचे होईल. माहीत असणे आणि डोळ्यांना दिसणे यांत अंतर असते. ते अंतर तिने एका काळ्या, लांब बाह्यांच्या, घोट्यापर्यंत येणाऱ्या घट्ट पोशाखाने राखले होते. कोणी विचारलेच तर उत्तर तयार असे, आणि ते तिचे स्वतःचेही नव्हते, वडिलोपार्जित होते. "क्लोरीन बाधतो आम्हाला." तिचे वडील याच तलावावर एकोणीस वर्षे शिकवत होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनाही क्लोरीनच बाधत असे.

साडेसहाची बॅच बायकांची होती. पन्नाशीच्या आगेमागे पोहायला शिकायचे ठरवलेल्या अकरा जणी. त्यांत एक शिवणकाम करणारी होती, एक टपाल खात्यातून निवृत्त झालेली होती, आणि बाकीच्या आपापल्या संसारातून तासभर पळून आलेल्या. शिकवताना बाईची मान एका लयीत पुढे-मागे होई, म्हणून त्यांनी तिचे नाव पाणकोंबडी ठेवले होते. तिला ते ठाऊक होते. "तुमच्या मागे नाही म्हणत हो, तोंडावरच म्हणतो," असे शिवणवालीने एकदा खुलासेवार सांगितलेही होते.

त्या आठवड्यात बॅचला बारावी आली. नवी बाई उंच, टापटिपीची, टोपीसुद्धा पोशाखाच्या रंगाची. तिसऱ्या दिवशी खोल बाजूला तिचा कठड्यावरचा हात सुटला. बुडणारा माणूस हाताला येईल ते धरतो. तिच्या हाताला पाणकोंबडीच्या पोशाखाची मागची चेन आली. चेन मानेपासून कमरेपर्यंत उसवली. पाणकोंबडीने तिला काखेत धरून काठावर आणले, पालथे केले, पाठीवर थोपटले. नव्या बाईने दोनदा खोकून पाणी टाकले, डोळे उघडले, आणि जीव वाचल्यावर तिच्या तोंडून निघालेला पहिला शब्द आभाराचा नव्हता.

"तुमच्या पाठीवर हे काय आहे?"

दुपारी लेखी तक्रार आली. तक्रार दीड पानाची होती. तीत चट्ट्यांचा आकार होता, रंग होता, पापुद्रे पाण्यात पडल्याचा उल्लेख होता, फलकावरचा तिसरा नियम शब्दशः होता. बुडण्याचा उल्लेख मात्र कुठेही नव्हता.

व्यवस्थापकांनी दुसऱ्या दिवशी बोलावले. ते वाईट गृहस्थ नव्हते. कोणतीही गोष्ट आपल्या टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कशी जाईल एवढीच त्यांना काळजी असे.

"बसा, बाई. काल तुम्ही जीव वाचवलात, त्याबद्दल अभिनंदन."

"आणि?"

"आणि ही तक्रार." त्यांनी कागद तिच्याकडे फिरवला. "नियम तर तुम्हाला माहीत आहे."

"पाठ आहे."

"मग दोनच वाटा आहेत बघा. त्वचारोग असेल, तर तिसरा नियम. म्हणजे तुम्ही तिकीटखिडकीवर, कायमच्या. किंवा मग क्लोरीन. क्लोरीन म्हटलं की तुमचा दोष राहत नाही. डोस चुकला, तुमच्या अंगावर उठलं, संपलं. तसं चार ओळींत लिहून द्या, नवा पोशाख घाला, आणि पुन्हा पाण्यात."

"डोस कोणाचा चुकला म्हणून लिहू?"

व्यवस्थापकांनी पेनला टोपण लावले. "पंपावर एकच माणूस आहे आपल्याकडे."

समिती आठ दिवसांनी बसणार होती. तोवर तिने काठावरून शिकवावे असे ठरले. उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण तिने शाळेत ऐकली होती, अर्थ आता कळला. ती कोरड्या फरशीवर उभी राहून "श्वास सोडा, पाय ताठ" असे ओरडे, आणि पाण्यातल्या बायका तिच्याकडे पाहण्याच्या नादात नाकातोंडात पाणी घेत. टपालवाली कठड्याला लटकून म्हणाली, "आमची कोंबडी वाळत घातलीय. पाऊस आला तर कोण उचलणार?" बाकीच्या हसल्या. पाणकोंबडीही हसली. मग ती वळून पंपाच्या खोलीकडे गेली.

पंपाच्या खोलीत चौतीस वर्षे एकच माणूस होता. पाण्यातला क्लोरीन तो दिवसातून तीनदा तपासत असे : काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, औषधाचा थेंब टाकायचा, गुलाबी रंग तक्त्याशी जुळवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. तिने त्याला लहानपणापासून काका म्हटले होते.

"लिहून दे की क्लोरीन," पंपकाका म्हणाले. त्यांना सगळे आधीच कळले होते. "माझी दोन वर्षं राहिलीत. एक ठपका आहेच माझ्या नावावर, त्याला सोबत होईल."

"कसला ठपका?"

"जुनी गोष्ट आहे. पाणी हिरवं झालं होतं एकदा. जाऊ दे, चहा घेतेस?"

"काका, आकडे चुकलेत का तुमचे?"

काकांनी तिच्याकडे असे पाहिले की तिला विचारल्याची लाज वाटली. मग ते स्टुलावर चढले आणि मागच्या मांडणीवरून वह्या काढू लागले. चौतीस वर्षांच्या वह्या, पुठ्ठ्यावर साल घातलेल्या. "पाणी काही बोलत नाही, पोरी. उद्या कोणी बोट दाखवलं तर वहीशिवाय मला तोंड नाही." वह्यांच्या शेजारी कार्यालयाची जुनी हजेरीपत्रकेही होती. ती रद्दीत निघाली होती तेव्हा काकांनी एका पाइपाखाली टेकण म्हणून ठेवून घेतली होती. पाइप कधीच बदलला होता, टेकण राहिले होते.

तिला काठावर उभे राहण्याखेरीज काम नव्हते. बॅच संपली की ती पंपाच्या खोलीत बसू लागली. एका बाजूला पाण्याची वही, दुसऱ्या बाजूला हजेरीपत्रक. सुरुवातीला तिला फक्त काकांचा डोस बरोबर होता एवढेच सिद्ध करायचे होते. दुसऱ्या दिवशी तिच्या हाताला दुसरेच काही लागले.

हजेरीपत्रकात रजेसमोर कारणाचा रकाना होता. मास्तरांच्या एकोणीस वर्षांत "क्लोरीनची बाधा" या कारणाच्या एकतीस रजा होत्या. तिने त्या एका कागदावर तारखेने उतरवल्या आणि शेजारी त्या दिवसाचा पाण्याचा आकडा लिहू लागली. सात रजांपुढे लिहायला आकडाच मिळेना. वही चाळली तेव्हा कळले : दोन हिवाळ्यांत तळाच्या फरश्या बदलायला तलाव रिकामा केला होता, दर वेळी दोन-दोन महिने. टाकी ठणठणीत कोरडी होती, आणि मास्तरांना क्लोरीन बाधत होता.

हिरव्या पाण्याचे पानही सापडले. तीन आठवडे आकडा दोनवरून उतरत उतरत अर्ध्याखाली गेला होता. पाणी हिरवे झाले, अकरा जणांचे कान दुखले, काकांना ठपका बसला. त्या पानाच्या समासात काकांच्या बारीक अक्षरात एकच ओळ होती : "मास्तरांच्या सांगण्यावरून कमी केले." आणि हजेरीपत्रकात, नेमक्या त्या तिसऱ्या आठवड्यापासून, पाण्यात क्लोरीन जवळजवळ नसताना, मास्तरांची बारा दिवसांची रजा. एकोणीस वर्षांतली सर्वांत मोठी. कारण : क्लोरीनची बाधा.

तिने आणखी एक गोष्ट टिपली. त्या रजेच्या वीस दिवस आधी चार दिवसांची रजा होती, "घसा व ताप" अशी. मग ती उलटी मागे जात राहिली. एकतीसपैकी पाच ठिकाणी आधी घसा होता, मग दोन-तीन आठवड्यांनी बाधा. पाच म्हणजे फार नव्हेत, हे तिलाही कळत होते. पण तिचा स्वतःचा पहिला चट्टा बारा वर्षांपूर्वी घसा धरल्यानंतरच उठला होता.

बारा वर्षांत ती त्वचेच्या डॉक्टरकडे गेली नव्हती. औषधाच्या दुकानातून मलमे आणायची, लावायची. आळस हे त्याचे कारण नव्हते. आजाराला नाव मिळाले की तिसरा नियम लागू होतो, हे साधे गणित होते. आता नियम लागू झालाच होता. ती रुग्णालयात गेली, क्रमांक घेतला, आणि तिच्याहून दहा वर्षांनी लहान दिसणाऱ्या डॉक्टरीणबाईंसमोर पाठ उघडी करून बसली.

"सोरायसिस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरात कोणाला आहे?"

"वडिलांना असावा. ते क्लोरीन म्हणतात."

"नखांवर खड्डे आहेत त्यांच्या? बोटांचे सांधे सुजतात?"

पाणकोंबडीने होकारार्थी मान हलवली. मास्तरांची दोन बोटे कित्येक वर्षे शेंगांसारखी सुजलेली होती. ती तलावातल्या जाड दोऱ्या ओढून ओढून झाली असे घरात सांगितले जाई.

"लागतो का हा?" तिने विचारले. "दुसऱ्याला? पाण्यातून?"

"नाही. पाण्यातून नाही, टॉवेलातून नाही, हातातून नाही. यात जंतूच नाही, तर लागणार काय?"

"मग होतो कशाने?"

डॉक्टरीणबाईंनी कागद ओढला. बाहेर रांग होती, पण प्रश्न विचारणारा रुग्ण त्यांना आवडत असावा. "त्वचेची पेशी तळाशी तयार होते आणि वर येऊन गळते. एरवी महिनाभर लागतो. तुमच्या चट्ट्यात ती चार-पाच दिवसांत वर येते, कच्चीच. म्हणून थर साचतो, पापुद्रे निघतात. आता तिला एवढी घाई कोणी लावली? तर तुमच्याच संरक्षणाच्या पेशींनी. त्या एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. निरोपांना नावं आहेत, क्रमांक आहेत. तेविसावा निरोप एका जातीच्या पेशींना जागं करतो. त्या जाग्या झाल्या की सतरावा सोडतात. सतरावा त्वचेला सांगतो, हल्ला झालाय, वाढा. आणि त्वचेच्या पेशी उलट निरोप धाडतात, की अजून माणसं पाठवा."

"आणि हल्ला झालेलाच नसतो."

"नसतो. किंवा कधीकाळी घशात झालेला असतो, आणि तो संपला तरी हे थांबत नाहीत."

"म्हणजे तलावात कोणी बुडत नाहीये," पाणकोंबडी सावकाश म्हणाली, "पण एका जीवरक्षकाने उडी मारली. त्याने उडालेलं पाणी बघून दुसऱ्याला वाटलं कोणीतरी गटांगळ्या खातंय, म्हणून त्याने मारली. मग तिसऱ्याने."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. "हे मी उद्यापासून वापरणार."

"वापरा. आणि ते जीवरक्षक असे उतावळे का?"

"तिथं जनुकं येतात. एकच नव्हे, बरीच आहेत. सगळ्यांत वजनदार सहाव्या गुणसूत्रावर. आपली पेशी संरक्षकांना कशाचे तुकडे दाखवते, त्यावर त्या जनुकाचा ताबा असतो. इतर काही त्या तेवीस-सतराच्या साखळीतलीच आहेत. प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा."

"म्हणजे बाबांनी दिला."

"बाबांनी कल दिला, आजार नाही. भाऊ-बहीण आहे? त्याला आहे का?"

"भाऊ आहे. त्याचं अंग दुधासारखं."

"त्याच्याकडेही तीच जनुकं आली असतील कदाचित. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांतही पुष्कळदा एकालाच होतो. जनुक दार उघडं ठेवतं. आत कोण शिरतं ते घसा, जखम, ताण, काही औषधं, यांवर असतं. क्लोरीन त्वचा कोरडी करतो, खाज वाढवतो, हे खरं. पण त्याने हा आजार होत नाही." मग त्यांनी तिच्या पाठीवर बोट फिरवले. "इथं एक सरळ रेघ आहे चट्ट्यांची. खांद्यावरून खाली. काही घट्ट घालता?"

तिने पोशाखाचे सांगितले. ओला, रबरी, रोज चार तास.

"शिवण इथून जाते?"

"हो."

"त्वचा घासली, सोलवटली, की त्याच जागी चट्टा उठतो. सगळ्यांचं नाही, पण पुष्कळांचं होतं. तुमची ही रेघ बहुधा त्या शिवणीनेच काढलीय."

म्हणजे लपवण्यासाठी घातलेल्या कापडाने लपवण्याजोगे वाढवून ठेवले होते. पाणकोंबडीला हसू आले. तिने मलम घेतले, प्रकाशोपचाराची तारीख घेतली. निरोपाची साखळीच अडवणारी इंजेक्शने असतात हे ऐकून घेतले आणि त्याचे पुढे बघू म्हणाली. निघताना तिने रजांचा कागद दाखवला. डॉक्टरीणबाईंनी तो बारकाईने वाचला. "यावरून तुमच्या वडिलांचं निदान होत नाही," त्या म्हणाल्या. "पण क्लोरीनवरचा आरोप टिकत नाही, एवढं नक्की म्हणता येईल. मी तुमच्यापुरतं लिहून देते : हा आजार संसर्गजन्य नाही."

मास्तर खिडकीपाशी बसून वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटायला त्यांना दोन्ही हात लागत.

"बाबा, हा सोरायसिस आहे. माझा. आणि बहुतेक तुमचाही."

"मला क्लोरीन बाधायचा."

"कोरड्या टाकीतला?"

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली घेतले. तिने तारखा वाचून दाखवल्या. त्यांनी सगळ्या ऐकून घेतल्या. शेवटी म्हणाले, "तुझ्याआधी मी गेलो होतो डॉक्टरकडे. तुझा जन्मही नव्हता. नाव मला तेव्हापासून माहीत आहे."

"आणि दारातला फलक?"

"दर वर्षी मीच रंगवून घ्यायचो. स्वतः उभा राहून. जो फलक रंगवून घेतो त्याच्या बाह्या वर करून कोण बघणार?"

"चोराच्या मनात चांदणं."

"असेल. त्या चोरीवर तू पोहायला शिकलीस, हे विसरू नकोस." त्यांचा आवाज चढला नाही, पण मान ताठ झाली. "लिहून दे क्लोरीन. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"आणि काका? तेव्हा ठपका त्यांना, आता नोकरी त्यांची. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही दोनदा?"

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "कमी कर असं मीच सांगितलं होतं त्याला. इतकी वर्षं क्लोरीन क्लोरीन म्हणत होतो, म्हणता म्हणता मलाच खरं वाटायला लागलं. म्हटलं, कमी करून बघू. तुला त्याने सांगितलं?"

"त्यांनी कधीच नाही सांगितलं. वहीत आहे."

"समितीत माझं नाव घेऊ नकोस."

"घ्यावं लागेल, बाबा. नाव नाही घेतलं तर त्या तारखांना अर्थ नाही."

"मी हयात आहे अजून."

"म्हणूनच. नसता तर तुम्हाला उत्तर देता आलं नसतं. या तुम्ही. माझं खोटं असेल तर तिथेच सांगा."

"मी येणार नाही," मास्तर म्हणाले, आणि ते खरोखरच आले नाहीत.

समितीच्या खोलीत चार जण बसले होते : अध्यक्ष, शाळा चालवणाऱ्या एक बाई, इतिवृत्त लिहिणारा कारकून आणि व्यवस्थापक. दाराबाहेर शिवणवाली आणि टपालवाली ओल्या केसांनी बाकावर बसल्या होत्या. आत यायची परवानगी नव्हती. जायचेही त्या नाव घेत नव्हत्या.

अध्यक्षांनी सुरुवात केली. "बाईंचं निवेदन आलं आहे का? क्लोरीनसंबंधी?"

"माझं निवेदन वेगळं आहे," पाणकोंबडी म्हणाली. "मला सोरायसिस आहे, बारा वर्षांपासून. हे डॉक्टरांचं पत्र. संसर्गजन्य नाही. क्लोरीनशी याचा संबंध नाही, आणि याआधी याच तलावावर एका कर्मचाऱ्याने क्लोरीनवर घातलेल्या एकतीस रजांचाही बहुधा नव्हता. तो कर्मचारी माझे वडील. ही तारीखवार यादी."

तिने ती वाचली. कोरड्या टाकीपाशी आल्यावर शाळेच्या बाईंनी चष्मा काढला. हिरव्या पाण्यापाशी आल्यावर व्यवस्थापक छताकडे पाहू लागले. काकांच्या समासातली ओळ तिने दोनदा वाचली आणि म्हणाली, "तो ठपका काढून टाकावा, अशी माझी मागणी इतिवृत्तात घ्या." कारकुनाने अध्यक्षांकडे पाहिले, अध्यक्षांनी काहीच केले नाही, म्हणून त्याने लिहिले.

"हे सगळं ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण नियम नियम आहे. त्वचारोग म्हणजे त्वचारोग. लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे."

"लोकांच्या टाचांना भेगा आहेत. त्या त्वचेलाच असतात. कोणाला पुरळ येतं, कोणाचा कोंडा पडतो. तुमच्या नियमाने तलावात फक्त पाणी उरेल."

बाहेरच्या बाकावरून कोणीतरी हसले.

"आपण तज्ज्ञांचं मत मागवू," शाळेच्या बाई मध्यम आवाजात म्हणाल्या. "महिना-दीड महिना लागेल. तोवर बाईंनी सुट्टीवर जावं, म्हणजे कोणालाच अवघड नको."

"तज्ज्ञांचं मत तुमच्या हातात आहे. त्यावर शिक्का आहे."

"तोवर तिकीटखिडकी तरी..." व्यवस्थापक म्हणाले.

"नाही." तिने कागद घडी घातले. "मी उद्या साडेसहाला पाण्यात असेन. मला काढायचं असेल तर काढा, पण लेखी काढा. त्यात असं लिहा, की न लागणाऱ्या आजाराबद्दल, बुडणारी बाई बाहेर काढताना कपडा फाटला म्हणून, हिला काढलं. खाली चौघांच्या सह्या करा. ते पत्र मी दारात लावेन. फळीच्या वर जागा आहे."

अध्यक्ष म्हणाले की ही भाषा योग्य नाही. तिने विचारले, कोणता शब्द खोटा आहे तेवढा सांगा, तो मागे घेते. सभा तहकूब झाली.

सकाळी ती साधा, बिनबाह्यांचा पोशाख घालून आली. कोपरे दिसत होती, गुडघे दिसत होते, पाठीवरची ती शिवणीची रेघसुद्धा. अंगावर मलमाचा तेलकट थर होता. काठावर सात जणी होत्या. चार आल्या नव्हत्या, आणि त्या का आल्या नाहीत याच्या अफवा पिकवायला ती थांबली नाही. नवी बाई मात्र आली होती, कपडे न बदलता, बाहेरच्या बुटांनिशी.

"मला होणार नाही ना?" नव्या बाईने सरळ विचारले.

"नाही."

"नक्की?"

"डॉक्टरांचं पत्र कार्यालयात आहे. वाचा. मला दर सकाळी विचारायचं नाही. उतरायचं तर उतरा."

नवी बाई क्षणभर तिच्या कोपरांकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर तिरस्कार नव्हता. विश्वासही नव्हता. मग ती वळली आणि दाराकडे गेली. पाणकोंबडीने तिला हाक मारली नाही.

"गेली वाटतं," टपालवाली म्हणाली.

"तिचा तिला अधिकार आहे. पाय हलवा तुम्ही. हात कठड्यावर, आणि गप्पा पाण्याबाहेर."

"वाळवून आणलेली कोंबडी जास्त टोचते," शिवणवाली कुजबुजली, आणि शिडीवरून खाली उतरली. तिच्यामागे बाकीच्या सहाही उतरल्या. शेवटची जरा थांबली, पाण्याकडे पाहिले, मग नाक धरून उतरली. तिच्या मनात काय होते ते तिलाच ठाऊक. पण उतरली.

पाणकोंबडी छातीभर पाण्यात उभी राहिली. आठ दिवसांनी पाणी अंगाला थेट लागत होते, आणि चट्टे झोंबत होते. झोंबू दे, असे ती मनात म्हणाली नाही, कारण तेवढ्यात व्यवस्थापक काठाशी आले. त्यांनी पँट भिजू नये म्हणून पाऊलभर अंतर राखले होते.

"बाई, असं नका करू. वर या. मी अध्यक्षांशी बोललोय. पत्र निघेल."

"कधी?"

"उद्या. नाहीतर परवा. मसुदा चाललाय."

तिने एका बाईच्या हनुवटीखाली तळवा धरला, तिची मान पाण्याच्या पातळीला आणली, आणि मगच त्यांच्याकडे पाहिले.

"साडेसहाच्या आत आणा," ती म्हणाली. "त्यानंतर मी पाण्यात असते."